माळ्यावरची ठासणीची बंदूक

४ फेब्रुवारी

टाकी गळते आहे. आमचीच! दिवसभर लोकांच्या बॉयलरच्या शिवणी तपासत फिरते, दोन थेंब दिसले तरी कारखाना बंद पाडते — आणि स्वतःच्या माळ्यावर टाकीखाली बादली. ऑफिसात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

टाकी पुढे ओढण्यासाठी माळा रिकामा केला. मागच्या कोपऱ्यात मेणकापडात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी. उचललं तर चांगलंच जड. आई खाली शिडी धरून उभी. "काय गं ते?" "पाइप दिसतोय." खाली द्यायला गेले तर तिने हात मागे घेतले, शिवाय शिडीही सोडली. "ठेव ते होतं तिथे. पाइप नाही तो."

म्हणजे ही ती बंदूक. जिचं नाव निघालं की बाबा उठून दुसऱ्या खोलीत जातात, ती.

५ फेब्रुवारी

गोष्ट लिहून काढते. आजवर नुसती ऐकत आले, तिचा विचार कधी केला नाही.

बाबा सहा वर्षांचे, काका तेरा. आजोबांची ठासणीची बंदूक — नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, त्या जुन्या प्रकारची — कोपऱ्यात उभी असायची. खोलीत मोठं माणूस कुणी नव्हतं. बाबांनी ती उचलली, खेळता खेळता काकांवर रोखली आणि चाप ओढला. धडाम! काकांचा उजवा डोळा गेला. आजोबांनी त्याच संध्याकाळी बंदूक मेणकापडात बांधून माळ्यावर टाकली. त्यानंतर तिला कुणी शिवलं नाही. एवढीच गोष्ट. काका ती अजूनही सांगतात, पाहुणे आले की हमखास. रागाने नाही — रंगवून. बाबा तेवढ्यात पाणी आणायला उठतात.

आणि आता बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. पिकून पांढरा झाला आहे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, आणखी थांबलात तर आतला दाब वाढेल आणि डोळा कायमचा जाईल. अर्ध्या तासाचं काम आहे. बाबा नाही म्हणतात. "दादा एका डोळ्यावर जन्म काढतोय. मला दोन कशाला?" हसत म्हणतात, म्हणून वादही घालता येत नाही. आयुष्यभर चष्म्याचं दुकान चालवलं, गल्लीतल्या अर्ध्या नाकांवर यांनी बसवलेल्या काचा आहेत. स्वतःच्या डोळ्यापाशी मात्र हे असं!

मला राग येतो. सहा वर्षांच्या पोराने केलेल्या चुकीसाठी म्हाताऱ्या माणसाने आंधळं व्हायचं, हे कुठलं शहाणपण? पण हे त्यांना म्हटलं की ते पाणी आणायला जातात.

६ फेब्रुवारी

सुट्टी टाकली. आईला वाटतंय टाकीसाठी. प्लंबर म्हणाला, उद्या नक्की. म्हणजे पुढचा आठवडा धरून चालायचं.

माझ्या खोलीचं दार लोटून मेणकापड सोडलं. आतून स्वच्छ! गंज आहे, पण वरवरचा. पाहता पाहता दुपार गेली, जेवणाची शुद्ध राहिली नाही.

मुळात ही बंदूक म्हणजे एका टोकाला बंद केलेला पाइप. दुसरं काही नाही. मागचं टोक आट्यांच्या बुचाने बंद. नळी मागे जाड, पुढे जाताना पातळ होत गेलेली — बरोबरच आहे, दारू मागे पेटते, सगळा दाब तिथे. ज्याने कुणी केली त्याला दाब कळत होता. मी असते तर पास केली असती. आमच्या बॉयलरला दाब वाढला की सुटायला व्हॉल्व्ह असतो. इथे गोळी हाच व्हॉल्व्ह! मुद्दाम ढिलं ठेवलेलं झाकण, ते उडावं म्हणूनच सगळा खटाटोप. गंमत वाटली.

उजव्या बाजूला, बुचाच्या किंचित पुढे, नळीला एक बारीक भोक आहे. ते मातीने की गंजाने बुजलेलं आहे. भोकाच्या बाहेर पोलादाची इवलीशी वाटी, तिला बिजागरीचं झाकण. शेजारी घोडा — चाप ओढला की आपटणारा तो — त्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा. झाकण उघडं, घोडा पडलेला, वाटी काळीकुट्ट. म्हणजे शेवटचा चाप ओढला गेला तसंच सगळं थांबलं आहे.

घोडा मागे ओढून पाहिला. ओढवेना. दोन्ही अंगठे लावले तेव्हा कट् झालं. मग स्वयंपाकघरातून वजनाचा हुकाचा काटा आणून लावला — नऊ किलो! माझी ही गत. मग सहा वर्षांच्या मुलाने तो कसा ओढला? उभी केली तर बंदूक माझ्या हनुवटीला लागते. त्याने ती रोखली कशी?

आधीच कुणी घोडा चढवून ठेवला असेल. पोराने नुसता चाप दाबला असेल. असू शकतं.

आई आत आली, काटा पाहिला, तो उचलून घेऊन गेली.

८ फेब्रुवारी

प्लंबर आला नाही.

९ फेब्रुवारी

घरात ठेवायची नाही म्हणून आईने हट्ट धरला, म्हणून संग्रहालयात फोन केला होता. तिथल्या शस्त्र विभागाच्या बाई आज स्वतः आल्या. उंच, कुरळे केस, झोळीत बांगड्या वाजाव्यात तशी अवजारं वाजत होती. दारातच विचारलं, "हात नाही ना लावलात?"

मी घोड्याचं सांगितलं. काट्याचंही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग झोळीतून एक लाकडी काठी काढली. नळीच्या तोंडातून हळूच आत सोडली. टेकली तिथे तोंडाशी अंगठा धरला, काठी बाहेर काढली आणि नळीवर बाहेरून लावून दाखवली. "रिकामी असती तर काठीचं टोक या भोकापर्यंत आलं असतं. आलं का?"

काठी नळीच्या मध्यावर थांबली होती.

"भरलेली आहे," बाई म्हणाल्या. शांतपणे, दूध नासलंय म्हणावं तसं.

आई चहाचे कप घेऊन येत होती ती तशीच मागे वळली. मी म्हटलं, अहो, इतकी वर्षं झाली, दारू मेली असेल. बाई म्हणाल्या, "ही दारू कोरडी राहिली तर मरत नाही. तुम्ही घोडा चढवलात तेव्हा बंदुकीचं तोंड कुठे होतं?" मी आठवून पाहिलं. माझ्या कपाटाकडे. कपाटापलीकडे भिंत, भिंतीपलीकडे बाबांची खाट! दाबाची भांडी तपासणारी बाई मी — आधी रिकामं आहे का ते बघ, हा धडा नव्या लोकांना मीच शिकवते!

त्यांनी गारगोटी काढून घेतली, बंदूक गुंडाळली, गाडीत घालून नेली.

१० फेब्रुवारी

काल घाबरण्यात लक्षात आलं नाही. आज बसमध्ये एकदम आलं.

ती भरलेली आहे. त्या दिवशी बांधली, मग कुणी सोडली नाही. मग त्या दिवशी ती उडाली कुठे?

१२ फेब्रुवारी

काकांकडे वर गेले. ते वरच्या मजल्यावर एकटेच राहतात, काकू जाऊन बरीच वर्षं झाली. काळ्या काचेचा चष्मा, तोही बाबांनीच करून दिलेला. मी सहज विषय काढला. काका खुलले.

"अगं, गोळी अशी कानाजवळून गेली! सूं करून! दारू भडकून डोळ्यात आली आणि गोळी गेली भिंतीत."

"कुठल्या भिंतीत, काका?"

"ती रस्त्याकडची." मग जरा थांबून, "नाही, मागची."

दोन्ही भिंती पाहिल्या. मागची बाबांनी पाडून नव्याने बांधली आहे. सोय झाली काकांची!

काका बोलता बोलता संत्रं सोलत होते. सुरी डाव्या हातात. लिहितात उजव्या हाताने — शाळेत मारून मारून शिकवलं म्हणे — बाकी सगळं डाव्याने. मला हे लहानपणापासून माहीत आहे. आज का कोण जाणे, बघत बसले.

१३ फेब्रुवारी

बाबांना गाठलं. दुकान आता बंद असलं तरी सकाळी ते टेबलाशी बसून कुणाच्या ना कुणाच्या चष्म्याची काडी दुरुस्त करत असतात. डावा डोळा जवळ नेऊन. उजवीकडचा स्क्रू ड्रायव्हर चाचपून शोधावा लागतो. तो मी हातात दिला.

"बाबा, एकच विचारते. आवाज कसा झाला होता?"

मला वाटलं उठतील. उठले नाहीत. स्क्रू फिरवत म्हणाले, "आवाज? फुस्स झालं. गरम तव्यावर पाणी पडतं ना, तसं. मग दादा ओरडला."

"धडाम नाही?"

"धडाम दादा म्हणतो. त्याला दुखलं होतं, त्याला जास्त माहीत."

"आणि बंदूक तुमच्या हातात होती?"

"असणारच ना. सगळे म्हणाले."

"सगळ्यांचं सोडा. तुम्हाला काय आठवतं?"

त्यांनी चष्मा उजेडात धरला, पुसला, परत पुसला. "मला एवढं आठवतं की माझ्यामुळे झालं," म्हणाले, आणि पाणी आणायला गेले.

१५ फेब्रुवारी

संग्रहालयाच्या तळघरात बाईंची कार्यशाळा आहे. टेबलावर बंदूक उभी बांधलेली, तोंड वर. त्यांनी तोंडातून पाणी ओतून दारू भिजत ठेवली होती. "आता ही चिखल झाली. आता बोला, काय विचारायचंय?"

विचारायला सुरुवात केली ती इतकी, की त्यांचा डबा खायचा राहिला. त्यांनीच मग दुसऱ्या बंदुकीवर सगळं करून दाखवलं, दारूच्या जागी वाळू घेऊन. मापाने दारू तोंडातून आत. वर चिंधीचा बोळा. मग गोळी. लांब गजाने ठासत ठासत खाली, दारूला चिकटेपर्यंत — मध्ये पोकळी राहता कामा नये. मग बाजूच्या वाटीत चिमूटभर बारीक दारू, तिला रंजक म्हणायचं. झाकण बंद. घोडा चढवायचा. चाप ओढला की गारगोटी झाकणावर आपटते, झाकण उघडतं, ठिणगी वाटीत, रंजक पेटतं, त्याची जीभ भोकातून आत जाते आणि आतली दारू पेटते.

"आणि भोक बुजलेलं असेल तर?"

"तर रंजक नुसतं बाहेर भडकतं. फुस्स! आग वर आणि उजव्या बाजूला. बंदूक उडत नाही."

फुस्स. मी खुर्चीत नीट बसले.

मग समोर उभ्या असलेल्या माणसाला काय होतं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, समोरच्याला काहीच नाही. समोर काही येतच नाही. भाजतो तो उजवीकडे वाटीशी तोंड नेणारा. मी विचारलं, म्हणजे चालवणारा? "छे, चालवणारा डावीकडे असतो. उजव्या खांद्याला दस्ता, गाल डावीकडून टेकवलेला. मध्ये नळी. त्याला आडोसा मिळतो." एवढं बोलून त्या डब्याकडे वळल्या. एक पोळी खाल्ली. मग स्वतःच म्हणाल्या, "डावखुरा असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा गाल उजव्या बाजूने येतो. वाटी थेट उजव्या डोळ्याखाली."

घरी येताना दोन स्टॉप पुढे गेले.

१६ फेब्रुवारी

काकांना उजवा डोळा नाही. काका डावखुरे.

बाबा उजवे. आणि त्या वेळी सहा वर्षांचे, आणि घोडा नऊ किलोचा!

कुणाला सांगू? आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "मला लग्न झाल्यापासून वाटायचं. इतकं रंगवून कोण सांगतं स्वतःचं दुखणं?" मग म्हणाली, "पण माझं वाटणं काय कामाचं. तू मोजून आण."

१९ फेब्रुवारी

आज बंदूक रिकामी केली. मला बघू दिलं, हात लावू दिला नाही. (बरोबरच आहे.)

गजाच्या टोकाला स्क्रूसारखं पातं लावून आत घातलं, गोळीत रुतवलं, ओढलं. शिशाची गोळी, करडी, बोराएवढी. मग चिखल खरवडून काढला. मी म्हटलं, झालं? बाईंनी पुन्हा काठी घातली. त्यांच्या कपाळाला आठ्या. काठी अजूनही पूर्ण जात नव्हती.

खाली आणखी एक बोळा. आणखी एक गोळी. आणखी चिखल.

दोनदा भरलेली! बाई म्हणाल्या, या बंदुकांची ही नेहमीची चूक. बाहेरून पाहून कळतच नाही ना, भरलीय की नाही. माणूस एकदा भरतो, कुणीतरी हाक मारतं, मन दुसरीकडे जातं, मग शंका येते आणि तो पुन्हा भरतो. लढाईत तर माणसं घाबरून भरतच राहायची. पण ही त्याहून वाईट होती. वरची गोळी मध्येच अडकलेली, खाली मोठी पोकळी. मी तिथेच पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. दुप्पट दारू, वाटेत दोन अडथळे, मध्ये हवा. नळीची जाडी मी मोजलेली होतीच. तीनदा करून पाहिलं. ही पेटली असती तर गोळी तोंडातून गेलीच नसती. नळी मागच्या बाजूला, हाताशी आणि तोंडाशी फाटली असती. आमच्याकडे असे फुटलेले पाइप फोटोत दाखवतात आणि फोटोत शेजारची माणसं दाखवत नाहीत.

बाईंना कागद दाखवला. "जवळपास कुणी वाचलं नसतं," म्हणाल्या. "भोक बुजलं हे नशीब समजा. गंज धरला असेल." भोक उघडायचं काम त्या शेवटी करणार आहेत, नाजूक आहे म्हणे.

२१ फेब्रुवारी

बंदूक संग्रहालयाला द्यायची तर घरातल्या मोठ्याने, म्हणजे काकांनी, तिथे येऊन हो म्हणायला हवं. त्यांना एका डोळ्याने पायऱ्या धड दिसत नाहीत, म्हणून बाबा बरोबर. बाबांना उजवीकडून येणारी सायकल दिसली नाही, म्हणून मी बरोबर. अशी आमची वरात तळघरात.

मी ठरवून केलं. हे लिहिते, कारण नंतर स्वतःलाच सांगेन की सहज झालं. सहज नव्हतं.

बंदूक टेबलावर आडवी. मी म्हटलं, "काका, ही धरायची कशी हो? बाई सांगतात ते मला जमत नाही."

"त्यात काय," म्हणाले. उचलली. या वयातही झटक्यात! दस्ता डाव्या खांद्याला. डावा हात चापावर. मान झुकवली, गाल टेकवला. काळा चष्मा वाटीच्या बरोबर वर आला. एक वीतही अंतर नाही.

मी म्हटलं, "काका, तसेच थांबा."

थांबले. आणि मग त्यांनाच कळलं की कशासाठी थांबवलंय. बंदूक खाली ठेवता येईना. बाबांनीच पुढे होऊन ती त्यांच्या हातातून घेतली. ज्यांनी आजवर तिच्याकडे पाहिलं नव्हतं, त्यांनी.

काका स्टुलावर बसले आणि आपणहून बोलले. शेजारचा कुत्रा त्यांना चावला होता. त्याला मारायचं ठरवलं. आजोबांचं बघून बंदूक भरली, मध्ये आजीने हाक मारली, परत आल्यावर आठवेना भरली की नाही, पुन्हा भरली. "खांद्याला लावली, चाप ओढला, आणि डोळ्यात सूर्य गेला. वडील आले. विचारलं, कुणी? मी बोट दाखवलं. हा समोर उभा होता, रडत होता. मला वाटलं, हा लहान आहे, याला मारणार नाहीत."

"मारलं का?" मी विचारलं.

"नाही. बोलणं टाकलं. माझ्याशी नाही, याच्याशी." मग म्हणाले, "नंतर सांगेन, नंतर सांगेन करत राहिलो. आणि सांगता सांगता मलाही तसंच दिसायला लागलं. याच्या हातात बंदूक. खरं सांगतो."

"बाबा ऑपरेशन करून घेत नाहीत, काका. माहीत आहे ना का ते?"

"मी कधी म्हटलं, करू नको?"

"कर असंही नाही म्हणालात."

काकांनी चष्मा काढला. तो डोळा मी प्रथमच नीट पाहिला. मला त्यांचा राग आला होता आणि तरी त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही.

बाबा म्हणाले, "दादा, चल. उशीर होतोय." आणि त्यांचा हात धरून पायऱ्या चढले.

२२ फेब्रुवारी

बाबा खूश व्हायला हवे होते. नाहीत!

मी सकाळी म्हटलं, "तर मग बाबा? तुम्ही काही केलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंना फोन लावू?"

"नको गं."

"अहो पण का? चाप त्यांनी ओढला. त्यांनी कबूल केलं. तुमच्यासमोर!"

"चाप कुणी ओढला याने काय होतंय," म्हणाले. काडी दुरुस्त करत राहिले. आई चिडून म्हणाली, "यांना दोष काढून घेतलेला सोसत नाही. सवय झालीय." पण आईलाही ते पटलेलं दिसलं नाही.

काही तरी राहिलंय. सांध्यातून कुठूनतरी थेंब येतोय आणि मला सांधा सापडत नाही. सगळं मोजलं आहे. काय राहिलं?

२४ फेब्रुवारी

प्लंबर आला. टाकी गळत नाही, वरचा वॉशर गळतो. एवढंसं!

काका खाली आले नाहीत. बाबा वर जाऊन बसतात. काय बोलतात कळत नाही.

२५ फेब्रुवारी

बाईंचा फोन. "भोक उघडलं. गंज नाही. येऊन बघा."

ऑफिसातून तशीच गेले. पांढऱ्या कागदावर एक करडा तुकडा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, एका टोकाला निमुळता. बाहेरचं टोक जळून काळं. "दगड आहे," बाई म्हणाल्या, "पण नळीत दगड येईल कसा? कुणीतरी बाहेरून दाबून बसवलाय. आणि मोडलाय." त्यांना खनिजवाल्या सहकाऱ्याला दाखवायचा होता.

मी तो चिमटीत घेतला आणि टेबलावरच्या काळ्या फरशीच्या तुकड्यावर ओढला. का ओढला सांगता येत नाही. पांढरी रेघ उठली.

पाटीवरची पेन्सिल. टोक केलेली, भोकात खुपसून मोडलेली. तेरा वर्षांचा मुलगा शाईने लिहितो. पाटी-पेन्सिल सहा वर्षांच्या मुलाकडे असते.

२६ फेब्रुवारी

तुकडा बाबांच्या टेबलावर ठेवला. त्यांना दिसला नाही, बोटाने चाचपला, आणि लगेच ओळखला.

"मीच घातली होती," म्हणाले. "मला तो कुत्रा आवडायचा. भोक बुजलं की बंदूक उडत नाही, हे वडिलांनी सांगितलेलं. आईने हाक मारली म्हणून दादा गेला तेवढ्यात घातली. आणि आत जायची ती आग बाहेर आली, दादाच्या डोळ्यात." चाप कुणी ओढला ते त्यांनी कधी मनात धरलंच नव्हतं. हे धरलं होतं.

मी हिशेबाचा कागद काढला, खालच्या मोकळ्या जागेत नळी काढली, दोन गोळ्या काढल्या, आणि त्यांच्या डाव्या डोळ्यासमोर धरला. म्हटलं, रंजक बाहेर भडकणारच होतं, बाबा, पेन्सिल असो नसो. डोळा वाचला नसताच. पण पेन्सिल नसती तर ते आतही गेलं असतं. मग पुढचं सगळं सांगितलं, जसं ऑफिसात सांगते तसं, काही न लपवता.

"म्हणजे दादा—"

"काका गेले असते. जवळच तुम्ही होतात. तुम्हीही."

त्यांनी कागद स्वतःच्या हातात घेतला. डोळ्याशी नेला. मग विचारलं, "तू तपासलंस हे? नीट?"

"तीनदा."

जिना चढून वर गेले. कागद घेऊन. खाली आले तेव्हा काका त्यांच्या मागे होते, आणि काकांनीच मला विचारलं, त्या डॉक्टरीणबाई शुक्रवारी बसतात का.